दोष आधी ऐकावा
(जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या दुरुस्तीविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना)

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभी राहिली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळाने त्यावर चर्चा करायची आणि शंका पुण्याला कळवायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, आणि पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशभर निघाली. प्रसारणाच्या अभ्यासात या प्रयोगाचा उल्लेख आजही आदराने होतो.

या हकिकतीत कार्यक्रम लिहिणारे येतात, बोलणारे येतात, ऐकणारेही येतात. सेट चालू ठेवणारे मात्र येत नाहीत. चावडीवर माणसे जमली, दिवेलागणीची वेळ झाली, आणि सेटमधून नुसती घूंऽघूं ऐकू आली तर त्या संध्याकाळपुरते पुणे केंद्र त्या गावासाठी अस्तित्वातच नव्हते. वीज नसलेल्या गावांत सेट कोरड्या बॅटरीवर चालत. फिलामेंटसाठी दीड व्होल्टची एक आणि प्लेटसाठी नव्वद व्होल्टची दुसरी. दोहोंपैकी एक उतरली तरी सगळे ठप्प. ती उतरली आहे की व्हॉल्व्ह गेला आहे की एरियलची तार तुटली आहे, हे ओळखणारे कोणीतरी लागत होते. त्या ओळखण्याच्या विद्येवर हे पुस्तक आहे.

विद्या हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. नाशिकच्या मेन रोडच्या आसपास, शालिमारजवळ, रविवार कारंजाच्या गल्ल्यांत एकेकाळी रेडिओ दुरुस्तीची जी छोटी दुकाने होती, तिथे हे काम पाहून पाहून शिकले जाई. आयटीआयमध्ये मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही हा ट्रेड होता, पत्राने शिकवणारे अभ्यासक्रम होते. पण हात तयार व्हायचा तो बाकावर, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून. ते ज्ञान मराठीत बोलले गेले, मराठीत शिकवले गेले, आणि कागदावर फारच थोडे उतरले. बाके गेली, आता ती माणसेही थकली आहेत. त्यांच्या बोलण्यातून जे मिळाले ते, मोजून आणि पडताळून, पुढच्या पानांत मांडले आहे.

कोणते सेट, हे आधी सांगायला हवे. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेले मर्फी, मुंबईचे नॅशनल एको, शिवाय फिलिप्स, बुश, एचएमव्ही, जीईसी. लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी, पुढे काचेची डायल, त्यावर मीटरचे आकडे आणि दूरदूरच्या शहरांची नावे, आणि महागड्या सेटमध्ये स्टेशन नेमके लागले की मिटणारा हिरवा मॅजिक आय. घराघरांत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, ही त्यांची एरियल. पोस्टात पैसे भरून दरवर्षी लायसन्सचे नूतनीकरण करावे लागे. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची गीतमाला आणि १९५७ पासून विविध भारती याच पेट्यांमधून ऐकली गेली. सुरुवातीचे व्हॉल्व्ह परदेशातून येत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि मग ‘बेल’चा शिक्का असलेले व्हॉल्व्ह दुकानादुकानांत दिसू लागले. आज माळ्यावरून उतरणाऱ्या सेटमध्ये बहुधा तेच असतात, आणि त्यातले पुष्कळसे अजून धडधाकट असतात.

हे मुद्दाम सांगतो, कारण सेट बंद पडला की सगळ्यांचा संशय आधी व्हॉल्व्हवर जातो. काचेचा असतो, चमकतो, डोळ्यांत भरतो. पण साठ वर्षे पडून राहिलेल्या सेटमध्ये व्हॉल्व्ह हा सहसा शेवटचा गुन्हेगार असतो. पहिले गुन्हेगार कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्रव सुकतो, मेण आणि कागदाचे कंडेन्सर ओल धरतात. नाशिकच्या वाड्यांतली पावसाळ्यातली दमट हवा, त्र्यंबक-इगतपुरीकडचा तर चार महिन्यांचा संततधार पाऊस, यांनी त्या कागदाचे जे व्हायचे ते होतेच. त्यानंतर रेझिस्टन्स, ज्यांची किंमत वयाबरोबर वाढत जाते. मग बँड स्विचचे काळे पडलेले संपर्क, व्हॉल्व्हच्या पिनांवर चढलेला थर, सोल्डरिंगचे सुटलेले डाग, उंदराने कुरतडलेली वायर. ही यादी ज्याला पाठ आहे तो नवीन व्हॉल्व्ह शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडत नाही.

आता धोक्याचे. त्याविषयीच्या प्रकरणात मी कुठेही हात आखडता घेतलेला नाही आणि वाचकानेही घाईने पाने उलटू नयेत. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे ते तीनशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सर ते धरून ठेवू शकतो. दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टन्स दोन्ही टोकांवर काही सेकंद धरून तो रिकामा करावा आणि मीटर लावून खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची जुनी सवय कंडेन्सरलाही वाईट आणि माणसालाही.

त्याहून मोठा धोका एसी-डीसी सेटचा. काही शहरांत पूर्वी डीसी वीज होती, म्हणून दोन्हींवर चालणारे, मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेले स्वस्त सेट निघाले. त्यांची चॅसिस सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चॅसिसवर २३० व्होल्ट. कारखान्यात नॉबच्या स्क्रूच्या भोकांत मेण भरलेले असे ते याचसाठी, की बोट त्या स्क्रूला लागू नये. ते मेण ज्या सेटमधून निघून गेले आहे तो सेट लहान मुलांच्या घरात तसाच ठेवू नये. अशा सेटवर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, एक हात खिशात हवा आणि पायाखाली कोरडी फळी हवी.

आणि साठ वर्षे झोपलेला सेट थेट भिंतीतल्या सॉकेटला कधीही लावू नये. सिरीज बल्ब लावावा. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब, सेटच्या वाटेत. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर जोरात पेटतो आणि मंदावतो. तो तसाच लख्ख पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. एलईडी बल्बने हे काम होत नाही. तारेचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चालले आहेत. मिळतील तेव्हा चार घेऊन ठेवावेत.

या पुस्तकाचे सगळे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे: भाग बदलण्याआधी दोष कुठल्या खोलीत आहे हे ठरवा. रेडिओच्या खोल्या ठरलेल्या आहेत. सप्लाय, आउटपुट, डिटेक्टर, आयएफ, कन्व्हर्टर, एरियल. शोध स्पीकरकडून एरियलकडे न्यायचा. सेट चालू केल्यावर स्पीकरमधून अगदी बारीक घुमणारा आवाज येतो का? येत असेल तर सप्लाय आणि आउटपुट जिवंत आहेत. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला, सेट ट्रान्सफॉर्मरचा असेल तरच, इन्सुलेट दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक लावल्यावर मोठा गुंजारव होतो का? होत असेल तर अर्धा सेट निर्दोष सुटला, आता फक्त पुढच्या अर्ध्यात बघायचे. अनुभवी माणूस पाच मिनिटांत दोष सांगतो तेव्हा लोकांना ती जादू वाटते. त्याने फक्त प्रत्येक पायरीवर अर्धा सेट बाजूला ठेवलेला असतो.

घूंऽघूं असा आवाज भरून राहिला असेल तर फिल्टर कंडेन्सर. इतके बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचे कमी जणांना: मूळ कंडेन्सर ३२ किंवा ५० मायक्रोफॅरडचा असेल तर नवा तेवढ्याचाच बसवावा. बाजारात दोनशेवीसचा स्वस्तात मिळतो, त्याने हम आणखी कमी होईल हेही खरे, पण चालू होताना तो एवढा प्रवाह ओढतो की रेक्टिफायर व्हॉल्व्हचे आयुष्य संपते. ईझेड ८० या व्हॉल्व्हला कंपनीने ५० मायक्रोफॅरडची मर्यादा घालून दिली होती. ती मर्यादा अनुभवातून आली होती, ती पाळावी.

सगळ्यात जास्त पाने मी एका छोट्याशा भागाला दिली आहेत, आणि ती कमी करावीत असे मला अजूनही वाटत नाही. तो भाग म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कपलिंग कंडेन्सर. ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, मेणात बुडवलेला, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नाही. त्याच्या एका बाजूला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे ऐंशी-शंभर व्होल्ट डीसी, दुसऱ्या बाजूला ग्रिड, जिथे शून्य किंवा उणे व्होल्ट असायला हवेत. गाणे पलीकडे जाऊ द्यायचे आणि डीसी अडवायचे, एवढेच त्याचे काम. कागद जुना झाला की थोडे डीसी झिरपते. ग्रिडवर दोन-तीन व्होल्ट अधिक येतात आणि आउटपुट व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह घेऊ लागतो. व्हॉल्व्ह तापतो, प्लेट लालसर दिसू लागते, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळते. म्हणजे चार आण्यांच्या भागापायी सेटमधले दोन सर्वांत दुर्मीळ भाग जातात.

ग्राहक मात्र सांगतो ते इतकेच: “पहिली दहा मिनिटं छान वाजतो, मग आवाज फाटतो.” ज्याला ऐकता येते त्याला यातच सगळे मिळते. उष्णतेने गळती वाढते, म्हणून आधी छान आणि मग फाटका. मीटर डीसीवर लावून ग्रिडवर टेकवा; आकडा वर सरकताना दिसला की निदान पक्के. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर टाका. माझा आग्रह असा की जुन्या सेटमध्ये हा एक कंडेन्सर दोष दिसो न दिसो, बदलूनच टाकावा. बाकी सगळे तपासून, हा न तपासता.

तक्रारींचे शब्द म्हणूनच मी ठिकठिकाणी जसेच्या तसे दिले आहेत. “थाप मारली की लागतो” म्हणजे सुटलेला डाग किंवा व्हॉल्व्हच्या पिनांवरचा थर. “पावसाळ्यात आवाज बसतो” म्हणजे आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या (आयएफटी) गुंडाळ्यांत किंवा कागदी कंडेन्सरमध्ये ओल. “काटा फिरतो पण स्टेशन बदलत नाही” म्हणजे डायलची दोरी गँग कंडेन्सरच्या चक्रावरून घसरलेली. “सगळे दिवेच गेले” म्हणजे एसी-डीसी सेट, ज्याचे फिलामेंट गणपतीच्या रोषणाईच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात: यूसीएच ८१ चे १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ चे १९, यूसीएल ८२ चे ५० आणि यूवाय ८५ चे ३८. बेरीज १२६. उरलेले १०४ व्होल्ट सुमारे हजार ओहमचा ड्रॉपर रेझिस्टन्स पचवतो. यांपैकी एक तुटला की चारही विझतात. त्यातही बहुतेक वेळा गेलेला असतो तो दहा वॅटची उष्णता सतत सोसणारा ड्रॉपरच. त्याच्याजवळ पांढरा, तंतूंचा पत्रा लावलेला दिसला तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, खरवडू नये.

सप्लाय ठीक, आवाज ठीक, पण एकही स्टेशन नाही, अशा सेटसाठी एक युक्ती आहे जी महागड्या यंत्राशिवाय चालते आणि जिच्यावर माझे विशेष प्रेम आहे. सुपरहेट सेटच्या पोटात एक छोटासा ऑसिलेटर असतो. तो आपल्याला हव्या असलेल्या स्टेशनापेक्षा साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. काटा मुंबईच्या ५५८ वर असेल तर ऑसिलेटर १०१३ वर. शेजारी एखादा खिशातला ट्रान्झिस्टर ठेवून तो १०१३ च्या आसपास लावा आणि जुन्या सेटचा काटा हळूहळू फिरवा. ट्रान्झिस्टरची खरखर एका जागी एकदम शांत झाली किंवा शिट्टी निघाली, तर जुन्या सेटचा ऑसिलेटर चालतो आहे. दोष पुढे आयएफमध्ये शोधा. काहीच झाले नाही तर कन्व्हर्टर व्हॉल्व्ह किंवा त्याची कॉइल. एका रेडिओने दुसऱ्याची नाडी बघायची ही पद्धत आहे.

नाशिककरांसाठी स्टेशनांविषयी थोडे. आपल्या शहराचे आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे आणि हे सेट मीडियम वेव्ह व शॉर्ट वेव्हचे. त्यामुळे नाशिकच्या घरात दुरुस्त झालेला सेट नाशिक केंद्र ऐकवत नाही. परीक्षा घ्यायची ती मुंबईच्या ५५८ आणि १०४४ वर, पुण्याच्या ७९२ वर. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीच्या कडेने येतात आणि वाटेत सह्याद्री आहे. रात्री त्या वरच्या आयनांबरावरून परततात आणि दूरची केंद्रेही लागतात. म्हणून भर दुपारी कमकुवत लागणाऱ्या सेटला लगेच दोषी ठरवू नये. अंधार पडू द्यावा, लांब एरियल लावावी. शिवाय घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून पाहावेत. यांच्या स्विचिंग सर्किटमुळे मीडियम वेव्हवर जी खरखर पसरते ती १९६० साली नव्हती, आणि तिच्यासाठी निष्कारण आयएफटीचे स्क्रू फिरवून बिघडवलेले सेट पाहून जीव तुटतो.

इथे एक परदेशी उदाहरण द्यायला हवे. अमेरिकेत शिकागोला पिनबॉलची यंत्रे बनत. काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी धावते, आणि खेळणारा फ्लिपरनी ती वर उडवत राहतो. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रात पहिल्यांदा असे फ्लिपर आले. तीस वर्षे ही यंत्रे रिले, स्विच आणि कॉइलवर चालली. १९७७ च्या सुमारास त्यांत मायक्रोप्रोसेसरचे बोर्ड आले. ही यंत्रे आपल्या घरांत नव्हती. पण त्यांचे म्हातारपण आणि आपल्या रेडिओचे म्हातारपण एकच आहे: सुकलेले कंडेन्सर, कनेक्टरच्या पिनांवरचे तडकलेले डाग, गळलेल्या बॅटऱ्या. बॅली कंपनीच्या बोर्डावर एक लहानसा एलईडी असतो. यंत्र चालू केल्यावर बोर्ड स्वतःला तपासतो आणि सगळे ठीक असेल तर तो एलईडी सात वेळा चमकतो. मध्येच थांबला तर कितव्या चमकेनंतर थांबला त्यावरून दोष कुठल्या चिपपाशी आहे ते कळते. त्याच बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी झाळलेली असे. ती गळली की अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. तिथले जाणकार आधी व्हिनेगरने ती अल्कली मारतात, मग बोर्ड स्वच्छ धुऊन सुकवतात. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये गळलेले साधे जस्त-कार्बनचे सेल आम्लधर्मी असतात, तिथे खाण्याचा सोडा लागतो. उलटे केले तर नुकसान वाढते.

पण मला त्यांच्याकडून घ्यायची आहे ती दुसरी गोष्ट. ज्यांना या यंत्रांवर प्रेम आहे त्यांनी सर्किट डायग्राम जपले, दोषांची नोंद ठेवली, कुठल्या मॉडेलमध्ये काय आधी जाते हे लिहून ठेवले आणि एकमेकांना दिले. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र आज वीस वर्षांची मुलगीही दुरुस्त करू शकते. आपल्याकडे लाखो घरांत सेट होते, पण ठाण्यात बनलेल्या एखाद्या मॉडेलचा पूर्ण डायग्राम मिळवायला आज महिनोन् महिने लागतात. ज्या कारखान्यांनी ते काढले ते बंद झाले. दुकानदारांच्या वह्या रद्दीत गेल्या. १९६९ आणि २००८ च्या पुरांत गोदाकाठच्या घरादुकानांतले जे भिजले ते तर गेलेच.

दुरुस्ती करताना मूळ सेट किती बदलावा, यावर माझे मत ठाम आहे आणि ते पुस्तकभर दिसेल. पेटी रिकामी करून आत ब्लूटूथचा स्पीकर बसवणे ही दुरुस्ती नव्हे. नवा कंडेन्सर चॅसिसच्या खालून बसवावा आणि वर दिसणारा जुना ॲल्युमिनियमचा डबा जागेवर राहू द्यावा, फक्त त्याची जोडणी तोडावी. काढलेला प्रत्येक भाग एका पाकिटात, तारीख टाकून, पेटीच्या आत ठेवावा. तीस वर्षांनी जो कोणी ती पेटी उघडेल त्याला आपण काय केले हे कळले पाहिजे.

पुस्तक वाचायला सर्किट वाचता येणे गरजेचे नाही. दुसऱ्या प्रकरणात ते शिकवले आहे. लागतील त्या वस्तू थोड्या: डिजिटल मीटर, पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, सिरीज बल्बचा बोर्ड, एक चालू ट्रान्झिस्टर आणि शांत दुपार. ज्याला विजेची भीती वाटते त्याने पहिला सेट जाणत्याच्या सोबतीनेच उघडावा.

आणि एक विनंती. घरात जुना सेट असेल आणि तो भंगारवाल्याला द्यायचे ठरले असेल, तर देण्याआधी मागचा पुठ्ठा काढून पाहा. आतल्या बाजूला पुष्कळदा व्हॉल्व्हची मांडणी किंवा सर्किटचा कागद चिकटवलेला असतो. त्याचा, मॉडेल नंबरचा आणि चॅसिसच्या खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो घ्या. कोणाच्या घरात जुन्या दुकानाची वही, सर्व्हिस मॅन्युअल, व्हॉल्व्हचे तक्ते असतील तर ते नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, १८४० पासून पुस्तके सांभाळत आलेल्या संस्थेकडे नेऊन दाखवा. त्याची एक प्रत या लेखकापर्यंत पोचली तर पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यांसाठी छापली जाईल.